मागून आणलेलं झाड

निपाणीच्या कल्लाप्पा सरांनी सबंध नोकरीभर हायस्कूलच्या पोरांकडून शीत कटिबंध पाठ करून घेतला. ‘कॅनडाच्या उत्तर भागात सूचिपर्णी वने आढळतात, तेथील हिवाळा दीर्घ व अतिशय कडक असतो.’ एवढं न अडखळता म्हणणाऱ्याला शाबासकी, अडखळणाऱ्याला बाकावर उभं. कडक म्हणजे नेमका कसा, हे सरांना विचारायची कुणाची टाप नव्हती आणि सरांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. निपाणीत थंडी म्हणजे डिसेंबरात कानाला मफलर आणि सकाळच्या शाळेत दात वाजवत म्हटलेली प्रार्थना. कॅनडा भिंतीवरच्या नकाशात वरच्या अंगाला फिकट गुलाबी पसरलेला असायचा. त्याला छडीचं टोक लावण्यापलीकडे सरांचा त्याच्याशी संबंध यायचं काही कारण नव्हतं.

मग त्यांची एकुलती एक लेक समता नर्सिंग शिकली, लग्न करून नेमकी त्या गुलाबी भागात गेली आणि तिथंच राहिली.

गावाचं नाव सास्काटून. सरांच्या बायकोनं, तानुबाईंनी, ते नाव एकदाही धड घेतलं नाही. कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "तितंच. बर्फात." जशी काही लेक गोठणाच्या खोपटात गारठत बसली होती. प्रत्यक्षात समता आणि जावई यशपाल यांनी तिथं घर घेतलं होतं. दोन मजली, उबदार, मागं लाकडी कुंपणाचं मोठं अंगण. अंगणात मात्र गवताशिवाय काही नव्हतं.

"आप्पा, झाड तुमीच सांगा," समता फोनवर म्हणाली, आणि सर त्या दिवशी चहात साखर घालायची विसरले.

त्याला कारण होतं. त्यांच्या कॉलनीत घर बांधायचं तर पायाला गवंडी लागतो आणि झाडाला कल्लाप्पा सर, अशी वहिवाट पडली होती. सर यायचे, ऊन बघायचे, धुणं कुठं वाळतं ते विचारायचे आणि निकाल द्यायचे. निकाल फिरायचा नाही. शेजारचे भावकू, बँकेतून रिटायर झालेले, त्यांना दारात नारळ पाहिजे होता. सरांनी डोक्यात पडतो म्हणून लावू दिला नाही. भावकूंनी त्यावरून आजवर त्यांना माफ केलेलं नव्हतं.

पण इतकी वर्षं गावाच्या दारात झाडं निवडणाऱ्याला पोटच्या पोरीनं कधी काही विचारलं नव्हतं. ती सगळं स्वतःचं स्वतः ठरवणारी. कॉलेज स्वतः ठरवलं, यशपाल स्वतः ठरवला, कॅनडाही. आता पहिल्यांदा ती विचारत होती.

सरांचा पहिला विचार पिंपळाचा होता. नव्या वास्तूत बुद्धवंदना झाली, आता दारात बोधिवृक्ष म्हणून पिंपळ हवा. यशपाल मागून बोलला, "मामा, हितं पिंपळ दिवाळीपर्यंत टिकंल. पुढं उणे चाळीस असतंय."

"उणे चार म्हणाला काय पाव्हणं?"

"चाळीस, मामा."

सरांनी ‘कडक’ हा शब्द शिकवला होता. पण शिकवलेला शब्द आणि लेकीच्या अंगणातला आकडा यांत फरक असतो. मग चष्मा पुसून त्यांनी मोबाईलवर थंड देशातली झाडं शोधायला घेतली आणि जे सगळ्यात देखणं दिसलं ते निवडलं. चेरी. पानं दिसणार नाहीत इतकी गुलाबी फुलं. समता दुकानातून ते घेऊन आली. झाडाच्या गळ्यात एक रंगीत चिठ्ठी होती आणि तिच्यावर, हे झाड किती थंडी सोसेल, त्याचा एक नंबर होता. नंबर सास्काटूनला पुरणारा नव्हता, पण सरांनी फुलं बघितली होती, नंबर नाही. लग्नाळू पोरं करतात तेच भूगोलाच्या मास्तरांनी केलं. चेरी पहिल्याच हिवाळ्यात गेली.

दुसऱ्या वर्षी सर शहाणे झाले. या खेपेला आलुबुखाराचं झाड आणलं, नंबर बराच बरा. थंडी लागायच्या आत समतानं खोडाला पोतं गुंडाळलं. सरांनी फोनवरून गाठी कशा मारायच्या ते सांगितलं. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. झाड पोत्यात उभं होतं आणि सर निपाणीत मफलरमध्ये. दोघांचं बरं चाललं होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी फोन आला तेव्हा इकडे रात्रीची ताटं वाढली होती आणि तिकडे सकाळ उजाडली होती. मोबाईलवर असं लख्ख ऊन दिसलं की सरांचे डोळे दिपले. निळंभोर आभाळ, चकाकणारा बर्फ, आणि मधे ते बिचारं गुंडाळलेलं.

"अगं, ऊन पडलंय की! काढ ते पोतं. गुदमरालंय ते."

"काढू? अजून थंडी लई हाय, आप्पा."

"मला ऊन दिसालंय न्हवं? जरा वारं लागू दे अंगाला."

समतानं बापाचं ऐकलं. स्वतःचं स्वतः ठरवणाऱ्या पोरीनं इथंच ऐकावं, हे नशीब. ज्याच्या गावात ऊन म्हणजे ऊब, त्याला कुठून कळावं की तिकडे आभाळ जितकं स्वच्छ, तितकी थंडी जीवघेणी. उन्हानं खोडाची एक बाजू दिवसा जागी केली, रात्री ती थिजली. पुन्हा जागी, पुन्हा थिजली. एप्रिलच्या शेवटी बर्फ उतरला तेव्हा साल वरपासून खालपर्यंत उकलली होती. समतानं मोबाईल जवळ धरला आणि खोड नखानं खरवडून दाखवलं. आत हिरवं काही नव्हतं. सुतळीसारखं तपकिरी.

"ते पोतं..." सर म्हणाले.

"ऱ्हाऊ दे, आप्पा. तुमचं काय चुकलं न्हाय. हितं आपलं काय रुजतच न्हाय."

ती चिडली असती तर सरांना बरं वाटलं असतं. लहानपणी ती कडाकडा भांडायची. आता ड्यूटीवरून आलेल्या माणसाच्या आवाजात बोलत होती. पुढं म्हणाली, पुढच्या शनिवारी माणूस येणार आहे. सगळ्या अंगणात खडी पसरून घेणार. मग ना पाणी, ना गवत, ना झाड.

यशपालनं मागून दुजोरा दिला. "खडी म्हंजे टेन्शन न्हाय, मामा."

फोन ठेवल्यावर सर अंगणात आले. कुंपणापलीकडं भावकू दात घासत उभे होते. त्यांच्या कानावर सगळं गेलेलं असायचंच. सर फोनवर वर्गात शिकवल्यासारखं बोलायचे.

"काय सर, गेलं म्हणं दुसरंबी?"

"गेलं."

"नारळ सांगायचा हुता."

एरवी सरांनी या विषयावर तास घेतला असता. आज ते नुसते आत निघून गेले, आणि भावकूंचा ब्रश तोंडात तसाच राहिला. त्यांनी संध्याकाळी न बोलावता येऊन, न विचारता, वाटीभर शेवयाची खीर ठेवली आणि गेले.

सर त्यानंतर दोन दिवस मोबाईलवर नवनवीन झाडं बघत होते. या वेळी फुलांकडे नजर नाही, नुसते नंबर. ज्याला सगळ्यात कडक नंबर, त्यावर खूण. पण शनिवारच्या आत लेकीला तिसरं झाड घ्यायला कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि तेही गेलं तर? ती पुन्हा ‘ऱ्हाऊ दे, आप्पा’ म्हणेल. तेवढं ऐकायची त्यांची तयारी नव्हती. झाडाचं काय, खडीचं तरी काय. पण आपलं काही रुजत नाही असं एकदा मनानं घेतलं की माणूस नुसता नोकरीपुरता एखाद्या गावात राहतो, हे त्यांनी बदलीवर आलेल्या कितीतरी मास्तरांत बघितलं होतं.

तानुबाई भाकऱ्या थापत ऐकत होत्या. सर नंबर वाचून दाखवत होते.

"अवं, आपला पेरू कितव्या नंबरचा?" तानुबाईंनी मधेच विचारलं.

"आपल्या पेरूला कुठला नंबर?"

"मग त्यो कसा जगला?"

"त्यो शेजारच्या अंबुबाईच्या दारातला. तितं जगला म्हंजे हितं जगणारच की."

"मग?" असं म्हणून तानुबाईंनी भाकरी तव्यावर टाकली.

सरांच्या हातातला मोबाईल खाली आला.

त्यांच्या लोकांत एक रीत होती. सरांचे वडील तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे, आई पानं निवडायची. त्या पिढीला स्वतःचं म्हणावं असं अंगण नव्हतंच. पुढं पोरं शिकली, कॉलनीत जागा मिळाल्या, पहिल्यांदा दारासमोर चार हात मोकळी माती आली. त्या मातीत पहिलं झाड विकतचं लावायचं नाही, असं कुणी ठरवलं कोण जाणे. ते शेजारच्या दारातून मागून आणायचं. जाताना हातात गूळ घ्यायचा. देणाऱ्यानं रोप द्यायचं आणि त्या बदल्यात दोन हक्क ठेवायचे. पहिल्या फळावर त्याचा हक्क. आणि आपलं झाड कसं आहे ते बघायला केव्हाही दारात यायचा हक्क.

अंबुबाईनं हा दुसरा हक्क जन्मभर बजावला. पेरूला पाणी घातलं का बघायला ती रोज सकाळी यायची, पेरूकडे एकदा बघायची आणि मग चुलीपाशी बसायची. समताचे केस विंचरायची. समताला टायफॉईड झाला तेव्हा आठवडाभर पेरू बघायला येऊन तिच्या उशाशीच राहिली होती. अंबुबाई आता नाही. पण निपाणीत या घराला नातेवाईक असे मोजके असताना समता माणसांत वाढली ती त्या पेरूपायी.

आणि सर? सरांनी लेकीला दुकानात धाडलं होतं. तिकडची माणसं विकतच आणतात म्हणून.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्यांनी फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती.

"समता, तुझ्या शेजाऱ्याच्या दारात काय झाडं हाईत?"

"असतील की. मी कधी बघितलं न्हाय."

"शेजारी कोण ऱ्हातंय?"

"एक म्हातारी हाय. एकटीच असती. हात करती लांबनं, मीबी करते."

"नाव काय तिचं?"

समताला नाव माहीत नव्हतं. तिथं राहायला जाऊन तिला दोन वर्षं होत आली होती.

"तिच्या दारात जा. म्हण, बाई, तुमच्याकडं जगलेलं एक झाड मला द्या."

"आप्पा! हितं असं कुणाच्या दारात जात न्हाईत. आधी फोन करत्यात. काय म्हणंल ती?"

"न्हाय म्हणंल. आणि काय?"

"मला लाज वाटती."

"तुझ्या आईला वाटली न्हवती व्हय? नवी नवरी हुती, त्यात अंबुबाईची जीभ म्हंजे विळी."

तानुबाई मोबाईलसमोर आल्या. "समे, आदर्शच्या हातनं करदंट धाडलता, संपला काय?"

आदर्श म्हणजे भावकूंचा नातू. तो टोरांटोला शिकायला होता आणि निपाणीहून जाताना अर्धी कॉलनी आपल्या बॅगेत घेऊन गेला होता. करदंट, डिंक आणि सुक्या मेव्याची ती गोकाकची वडी, त्यानं तिथून पार्सलनं पुढं धाडली होती आणि ती अजून समताच्या फ्रीजमध्ये होती.

"त्यो घिऊन जा. रिकाम्या हातानं जाऊ नको."

समतानं ‘बघते’ म्हटलं. या घरात ‘बघते’ म्हणजे नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. सरांनी तो दिवस पेपरातली एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचत काढला.

शुक्रवारी सकाळी फोन आला तो अंगणातून. समता धापा टाकत होती आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी बोलायची तशी बोलत होती.

"आप्पा, तिचं नाव ओल्गा. मी बेल दाबली आणि पळूनच येणार हुते, तवर तिनं दार उघडलं. मी म्हटलं, माझी दोन झाडं मेली. ती म्हणती, मला म्हाईत हाय, मी खिडकीतनं दोन्ही मरताना बघितली!"

"मग सांगितलं न्हाय व्हय तिनं?" तानुबाई उसळल्या.

"मीबी तेच इचारलं. म्हणती, तू कधी इचारलंस?"

तानुबाई मोबाईलपासून जरा मागं सरल्या.

ओल्गाबाईचे आईवडील युक्रेनमधून त्या माळरानावर आले होते. तिच्या कुंपणालगत आंबट चेरीची बुटकी जाळी होती, कंबरेपासून डोक्यापर्यंत उंच, काही बघायला जावं अशी नव्हे. पण तिच्या मुळातून दरसाल नवे फुटवे यायचे आणि म्हातारी ते खणून फेकून द्यायची, कारण मागायला कुणी येत नव्हतं. तिनं करदंट चावला, दातांची काळजी व्यक्त केली, दुसरा तुकडा घेतला आणि कुदळ आणायला गेली. आंबट चेरीचा एक फुटवा मुळांसकट समताच्या बादलीत आला.

मोबाईलवर तो दाखवला तेव्हा सरांचा चेहरा पडला. चार वाळक्या काटक्या. गुलाबी फुलांच्या चेरीपुढं ही म्हणजे पालखीपुढं खराटा.

"हितं लाव, खिडकीसमोर," ते तरीही म्हणाले. "ऊन चांगलं येतंय."

"न्हाय आप्पा. आजी म्हणती, खिडकीसमोर ऊन लवकर येतंय, झाड फसतंय. घराच्या सावलीच्या अंगाला लावायचं. वारं आडतंय आणि बर्फबी साठतोय तितं."

झाड सावलीत लावायचं. बर्फ साठतो तिथं. सरांच्या आयुष्यभराच्या निकालांवर एवढी मोठी फुली कुणी मारली नव्हती. त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांना फेब्रुवारीतलं ते ऊन आठवलं आणि त्यांनी ते मिटलं.

"ती म्हणती तसं कर," ते म्हणाले.

शनिवारी खडीवाला आला आणि यशपालनं त्याला गाडी लावायच्या जागेपुरती खडी टाकून वाटेला लावलं. "मामा, टेन्शन ठेवलंय थोडं," त्यानं कळवलं.

खरी परीक्षा पुढं होती, आणि ती झाडाची नव्हती. उन्हाळ्यात चेरीला पानं आली, थंडीत गळली, आणि जानेवारीत एकदा समता फोनवर मोठं फावडं घेऊन दिसली. अंगणभरचा बर्फ ती ढकलत ढकलत झाडाच्या बुडाशी नेत होती. चेरी गुडघाभर गाडली गेली होती आणि ती आणखी घालतच होती.

सरांच्या घशातून आवाज निघाला. तानुबाईंनी ताटावरून वर बघितलं. सरांच्या जिभेवर सगळं तयार होतं: अगं, बर्फ काढायचा सोडून घालतीस काय, मरंल की ते! त्यांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला आणि तोंडात कोंबला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत चावत राहिले.

"आजी म्हणती, बर्फ म्हंजे मुळांवर गोधडी," तिकडून समता म्हणाली. "वरची थंडी खाली जाऊ देत न्हाय. बरोबर न्हवं, आप्पा?"

"मला न्हाय म्हाईत," सर घास गिळून म्हणाले. "आजीला इचार."

हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. तानुबाईंनी पुढं कॉलनीत सांगितलं, की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ‘मला माहीत नाही’ हे ह्यांच्या तोंडून मी त्या दिवशीच ऐकलं. भावकूंनी ते दोनदा सांगायला लावलं.

त्या हिवाळ्यात समताचे फोन कमी झाले. आधी ती दर दिवसाआड विचारायची: आप्पा, पोतं बांधू का, आप्पा, पाणी किती. आता आठवड्याला एक, त्यातही निम्मा वेळ ओल्गा आजी काय म्हणाली ते. आजीनं बीटाचं लाल सार शिकवलं. आजीचा गुडघा दुखतो, समता जाऊन बघून येते. आजीला तानुबाईंची शेंगदाण्याची चटणी झोंबली, पण बाटली परत दिली नाही. सर हं हं करत ऐकायचे. ऐकताना त्यांना बरं वाटायचं, आणि फोन ठेवल्यावर घर जरा मोठं वाटायचं. दोन्ही खरं होतं.

मे महिन्यात एका रविवारी फोन ठरल्या वेळी आलाच नाही. तानुबाईंनी दोनदा सुचवलं, तुम्हीच लावा. सर म्हणाले, असू दे. पण मोबाईल त्यांनी मांडीवरून हलवला नाही.

तो वाजला तेव्हा समता मातीत गुडघे टेकून बसली होती. शेजारी पांढऱ्या केसांवर रुमाल बांधलेली, रुंद चेहऱ्याची म्हातारी. सरांनी तिला पहिल्यांदाच बघितलं. ते घाईनं सरळ बसले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग, मॅडम. थँक्यू फॉर द ट्री."

म्हातारी काहीतरी मोठ्यानं बोलली आणि हसली.

"काय म्हणाली?" तानुबाईंनी विचारलं.

"म्हणती, झाड अजून माझंच हाय, फळ आल्याशिवाय न्हाय सोडणार," समता म्हणाली. "मी तिला आपली रीत सांगितली, आई. तवापासनं रोज सकाळी येती. झाड बघती आणि चहा पिऊन जाती."

मग तिनं मोबाईल चेरीपाशी नेला. एक फांदी थंडीनं गेली होती. ती कापलेली होती. उरलेल्या काटक्यांवर मात्र ज्वारीच्या दाण्याएवढ्या हिरव्या कळ्या, ओळीनं. सर मोबाईल नाकापाशी नेऊन बघत राहिले. काप तिरका दिला होता. कळीच्या जरा वर. त्यांनी स्वतः दिला असता तसा.

"कुणी कापली गं?"

"मी. आजीनं दाखवलं. चुकली काय?"

"न्हाय," सर म्हणाले. त्यांना आणखी काही सांगायचं होतं, पण शिकवण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. "लई चांगली कापलीस."

एव्हाना आपल्या अंगणात परतलेल्या म्हातारीची कुंपणापलीकडून हाक आली. समतानं मान वळवून तिला काहीतरी उत्तर दिलं, झटकन, जसं माणूस घरातल्याला देतं.

"आप्पा, ठेवते. आजी बोलवालीय."

फोन बंद झाला. सरांनी तो चष्म्याशेजारी हळूच ठेवला.

"एवढ्यात ठिवला?" तानुबाई म्हणाल्या. "कुठं गेली?"

सर उठले, खिशात हात घातले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. निकालाच्या फलकावर आपल्या वर्गाचं नाव वाचताना व्हायचा तसा त्यांचा आवाज झाला होता, थोडा घोगरा, थोडा ताठ.

"शेजारी गेली," ते म्हणाले.